मादाम दिदलोंच्या घड्याळाची चमक

१

मादाम दिदलोंच्या घराची पुढची भिंत सोमवारी पहाटे गेली आणि घड्याळ मंगळवारी दुपारी गेलं. भिंत जर्मनांनी नेली याबद्दल नाँसी शहरात दुमत नव्हतं. घड्याळाच्या बाबतीत मात्र जर्मनांवर संशय घेता येईना, कारण ते विमानातून आले होते आणि खाली उतरले नव्हते.

युद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. बॉम्ब पडला ही आता बातमी राहिली नव्हती, कोणाकडे पडला एवढंच लोक विचारत. पण हा बॉम्ब जरा कलाकार निघाला. त्याने चार मजली घराची रस्त्याकडची भिंत तेवढी सोलून काढली आणि आतल्या खोल्यांना फारसा धक्का लावला नाही. कपाटाची दारं काढून ठेवावीत तसं घर उघडं पडलं. पहिल्या मजल्यावर मांडलेलं टेबल, दुसऱ्या मजल्यावर खुंटीला लटकणारी एक विजार, आणि तिसऱ्या मजल्यावर, धुराने काळ्या झालेल्या भिंतीपुढे, शेकोटीच्या कट्ट्यावर मादाम दिदलोंचं सोनेरी मुलाम्याचं घड्याळ. त्यावर एक मेंढपाळीण पाय सोडून बसलेली. तिची करंगळीसुद्धा शाबूत होती. घड्याळ चालू होतं आणि वेळही बरोबर दाखवत होतं, जे बॉम्ब पडण्यापूर्वी त्याला कधी जमलं नव्हतं असं शेजारी म्हणत.

अख्खं शहर बघायला लोटलं. पोलिसांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले, एका म्हाताऱ्या राखीव शिपायाला पहाऱ्यावर ठेवलं. पडझडीचे फोटो काढायला लष्कराची परवानगी लागे, ती फक्त तिघांना मिळाली. तिघेही नाँसीच्या जोडचित्र मंडळाचे सभासद.

मंगळवारी संध्याकाळी मादाम दिदलो आपल्या बहिणीला घड्याळ दाखवायला घेऊन आल्या, तर कट्टा रिकामा.

बुधवारी इन्स्पेक्टर फेलिक्स ओब्रीने झेली मार्शालला पकडलं. झेलीबाई त्या इमारतीचं दार सांभाळायच्या. जिन्याखालच्या एका खोलीत राहायच्या, टपाल वाटायच्या, जिना पुसायच्या आणि कोण किती वाजता कोणाबरोबर आलं हे लक्षात ठेवायच्या. पहारेकऱ्याने त्यांना मंगळवारी दुपारी मागच्या जिन्याने वर जाताना आणि उतरताना पाहिलं होतं. उतरताना हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. शिवाय त्यांच्या एप्रनच्या खिशात घड्याळाची किल्ली सापडली.

झेलीबाईंचं म्हणणं असं, की घोंगडीत दुसऱ्या मजल्यावरचं मांजर होतं, ते ओरबाडू नये म्हणून गुंडाळलं होतं. आणि किल्ली खिशात होती कारण गेली अकरा वर्षं दर रविवारी घड्याळाला चावी त्याच देत होत्या.

ओब्रीने विचारलं, मांजर कुठे आहे.

"पळालं," झेलीबाई म्हणाल्या. "तुम्ही मला न्यायला आलात तेव्हा दार उघडं टाकलंत ना साहेब. साक्षीदार तुम्हीच पळवलात."

पडक्या घरातून चोरी म्हणजे युद्धकाळात लष्करी न्यायालय. तिथे पाच वर्षं सक्तमजुरी ठरलेली, आणि न्यायाधीशांचं पोट बिघडलेलं असलं तर दहा. झेलीबाईंचं वय एकसष्ट होतं. सुनावणी पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी लागली.

२

ओब्रीला मांजर पटलं होतं, आणि तीच पंचाईत होती. चोरी करणारी बाई याहून बरी थाप मारते.

त्याने आधी मादाम दिदलोंना गाठलं. त्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या आणि घड्याळ गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. ओब्रीने घड्याळाची चौकशी केली तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की ते घड्याळ कैलासवासी दिदलोंना एका बाईने दिलं होतं. कोणत्या? जिच्याशी त्यांनी लग्न केलं नाही, तिने. सत्तावीस वर्षं नवरा जेवताना त्या मेंढपाळणीकडे बघत जेवला. बॉम्ब पडला तेव्हा मादाम दिदलोंनी पहिला प्रश्न विचारला तो घड्याळ फुटलं का, आणि उत्तर ऐकून त्यांना भोवळ आली.

मग तक्रार कशाला केली?

"चोरी ती चोरी," मादाम दिदलो म्हणाल्या. "आणि ती झेली. दर रविवारी चावी द्यायला यायची आणि तासभर बसायची. माझे यजमान तिच्याशी बोलायचे. माझ्याशी नाही बोलायचे, तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते तिला तुरुंगात विचारा."

ओब्रीने विचारलं होतं. हवामानाबद्दल बोलायचे.

म्हणजे मादाम दिदलोंना घड्याळ नको होतं आणि झेलीबाईही नको होत्या. पण मंगळवारी दुपारी त्या बहिणीच्या घरी डुकराच्या मांसाचा रस्सा जेवत होत्या आणि त्या जेवणाला पाळकासह सहा साक्षीदार होते.

मग त्याने पहारेकऱ्याला पुन्हा विचारलं. मंगळवारी बारा वाजता काय झालं? काय होणार, पहारेकरी म्हणाला, बारा वाजता सगळे जेवायला गेले. नाँसीत बाराच्या ठोक्याला माणूस जेवायला बसतो. घराला भिंत असो वा नसो, त्यात फरक पडत नाही. गल्ली रिकामी झाली. आत राहिले ते झेलीबाई आणि तीन फोटोवाले, कारण त्या घरावर ऊन फक्त बारा ते एकच्या दरम्यान पडतं, आणि ऊन बघितलं की या लोकांची भूक मरते.

तेव्हा उरले तीन फोटोवाले. आणि त्यांच्याकडे जायचं ओब्रीच्या जिवावर आलं होतं.

कारण साधं होतं. जोडचित्र म्हणजे एकाच देखाव्याचे दोन फोटो, दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच क्षणी घेतलेले, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्यासाठी. काचेवरची ती जोडी दोन नळ्यांच्या लाकडी डबीत घालायची आणि दोन्ही डोळ्यांनी बघायचं. मग चित्र सपाट राहत नाही, त्याला खोली येते, विटा अंगावर येतात, जिना आत आत जातो. बघणारा पहिल्यांदा न चुकता हात पुढे करतो. ओब्रीला हे सगळं ऐकून माहीत होतं. त्याचा डावा डोळा युद्धाच्या पहिल्याच सप्टेंबरात शहराबाहेरच्या टेकड्यांवर राहिला होता. सगळं शहर डब्यांना डोळे लावून "आहा" म्हणत असे तेव्हा ओब्री खिडकीबाहेर बघत उभा राही, आणि दोन डोळ्यांच्या माणसांबद्दल त्याच्या मनात जे येई ते पोलिसाच्या मनात येऊ नये असं होतं.

३

मंडळाची बैठक रविवारी दुपारी एका कॉफीगृहाच्या मागच्या खोलीत भरे. ओब्री गेला त्या दिवशी नेमकं वर्षाचं कांस्यपदक जाहीर झालं होतं आणि खोलीतली हवा आंबली होती.

या मंडळात पूर्वी पूल, कारंजी आणि सभासदांच्या सासवा यांचे फोटो येत. युद्धापासून फक्त पडझड. आणि पडझडीत फार मोठी विषमता होती. काहींच्या घरावर बॉम्ब पडे, काहींच्या नाही. मादम्वाझेल ओदिल रेमी, पियानो शिकवणाऱ्या, तिघांपैकी एक, ओब्रीला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, की त्या मादाम दिदलोंच्या बरोबर समोर राहतात. गल्लीची रुंदी ती किती. बॉम्ब वीस पावलं अलीकडे पडला असता तर जर्मनांचं काय बिघडलं असतं? त्यांचा पियानो तिसऱ्या मजल्यावर लटकताना किती सुंदर दिसला असता. त्यांनी हे अगदी सरळ आवाजात सांगितलं.

पदक मिळालं होतं औषधवाले इझिदोर बालाँ यांना. बालाँ गोल, गुलाबी आणि नम्र होते, आणि ही नम्रता बाकीच्यांना सहन होत नसे. त्यांच्या चित्राचं नावच पडलं होतं 'चमक'. घर, खोल्या, लटकणारी विजार, सगळं नेहमीसारखं. पण तिसऱ्या मजल्यावरचं ते घड्याळ चमकायचं. सोन्यासारखं नव्हे, सभासद सांगत होते, त्याहून वेगळं. पाण्यावर ऊन हलतं तसं. आत्ता आहे, आत्ता नाही, पुन्हा आहे. चाळीस वर्षांत असं कोणाला साधलं नव्हतं. कोणतं रसायन वापरलं म्हणून एकाने बालाँच्या दुकानातल्या मुलीला लालूच दाखवली होती. बालाँ फक्त हसत. काच त्यांनी डबीत चिकटवून टाकली होती, बोटांचे ठसे नकोत म्हणून.

तिसरे गास्ताँ पेर्नो, भूमितीचे मास्तर. उंच, वाळके, शहरातला सगळ्यात महागडा कॅमेरा त्यांचा, आणि सहा वर्षं ओळीने दुसरा क्रमांकही त्यांचाच. बालाँचा पहिला. मादम्वाझेल रेमींनी कुजबुजून सांगितलं, की पेर्नो मास्तर परीक्षक समितीवर असतात आणि प्रत्येक काच बाहेर काढून डाव्या-उजव्या चित्रांतलं अंतर कर्कटकाने मोजतात. एकदा केसभर फरकासाठी त्यांनी एका विधवेचं चित्र बाद केलं होतं. यंदा मात्र कमालच झाली. कर्कटक पेटीतच राहिलं आणि मास्तरांनी बालाँच्या बाजूने मत दिलं.

"आजारी असतील," ओब्री म्हणाला.

"आम्हालाही तेच वाटलं. मी त्यांच्याकडे सूप पाठवलं."

तेवढ्यात बालाँ डबी घेऊन आले. इन्स्पेक्टरांनीही बघावं, म्हणाले. मग ओब्रीची डोळ्यावरची काळी पट्टी दिसली, आणि ते आणखी गुलाबी झाले. खोलीतले सगळे बघत होते. ओब्रीने डबी घेतली आणि आपला उजवा डोळा उजव्या नळीला लावला.

घर दिसलं. विजार दिसली. तिसरा मजला दिसला, काळी भिंत दिसली, शेकोटीचा कट्टा दिसला.

घड्याळ नव्हतं.

"दिसली का चमक?" बालाँनी हळूच विचारलं.

मागून कोणीतरी म्हणालं, की एका डोळ्याने कशी दिसेल, त्याला दोन लागतात. ओब्रीचे कान तापले.

"वा," तो म्हणाला. "सुंदर."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ओब्री मोठ्या चौकात कॉफी पीत बसला होता. पीत होता म्हणजे, कपाला हात घालत होता. एका डोळ्याच्या माणसाला कप किती लांब आहे हे कळत नाही. अडीच वर्षं झाली तरी पहिल्या झटक्याला त्याचा हात कपाच्या अलीकडे पडे, दुसऱ्याला पलीकडे, आणि तिसऱ्याला कॉफी विजारीवर.

कपाला हात लागला आणि तो तसाच थांबला.

कप चुकायचा, पण कप असायचा. अडीच वर्षांत एकदाही कप नाहीसा झाला नव्हता. चर्च नाहीसं झालं नव्हतं, वरिष्ठ अधिकारी नाहीसे झाले नव्हते, फार इच्छा असूनही. एका डोळ्याने जग पत्र्यासारखं सपाट होतं, एवढंच. त्यातून वस्तू गळून पडत नाहीत. मग घड्याळ कुठे गेलं?

काल त्याला वाटलं होतं, आपल्यातच खोट आहे. लाजेने त्याने "वा" म्हटलं होतं.

तो उठला आणि सरळ बालाँच्या दुकानात गेला. डबी दर्शनी काचेत खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्यांमध्ये मखमलीवर ठेवली होती. बालाँ आत कोणासाठी तरी मलम घोटत होते. ओब्रीने दुकानातल्या मुलीकडून डबी मागून घेतली, उजेडाकडे धरली, आणि या वेळी आपला उजवा डोळा डाव्या नळीला लावला. त्यासाठी मान अशी वाकडी करावी लागली की मुलीने पाठदुखीचं तेल पुढे केलं.

कट्ट्यावर मेंढपाळीण पाय सोडून बसली होती. घड्याळात बारा वाजून गेले होते.

त्याने डोळा उजव्या नळीला नेला. रिकामा कट्टा, काळी भिंत. पुन्हा डाव्या नळीला. मेंढपाळीण.

दोन डोळ्यांच्या माणसाला एका डोळ्यात सोनं आणि दुसऱ्यात काळोख दिसत होता. मेंदू दोन्ही एकत्र करू बघायचा, जमायचं नाही, आणि त्या ओढाताणीला अख्खं मंडळ कला म्हणत होतं. सगळ्या शहराने डोळे लावलेल्या त्या चमकेत एक चोरी चालू होती, आणि ती बघण्यासाठी डोळा एक कमी असावा लागत होता.

५

बालाँना त्याने काही सांगितलं नाही. डबी परत मखमलीवर ठेवली, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, आणि पहारेकऱ्याकडे गेला. विचारायचं होतं ते एकच. तिघे फोटोवाले गल्लीतून बाहेर पडले तेव्हा कोण कसं दिसत होतं?

पहारेकऱ्याला काम नसल्यामुळे सगळं आठवत होतं. मादम्वाझेल रेमी सगळ्यांत आधी गेल्या, कॅमेरा एवढासा, हातमोज्यासारखा पिशवीत घातलेला. मग औषधवाले, तिपाई खांद्यावर, पेटी हातात, शीळ घालत. शेवटी मास्तर.

मास्तर कसे होते?

कुडकुडत होते, पहारेकरी म्हणाला. त्यांनी कोट काढून कॅमेऱ्याला गुंडाळला होता, लेकराला गुंडाळावं तसा, आणि छातीशी धरला होता. चुन्याची धूळ उडत होती ना. भिंगात गेली की संपलं. या लोकांचा जीव कॅमेऱ्यात.

"पेटी नव्हती त्यांच्याकडे?"

"होती की. दुसऱ्या हातात. चांगली जड दिसत होती."

ओब्री पहारेकऱ्याकडे बघत राहिला. पहारेकऱ्याने नम्रपणे पुढे सांगितलं, की शिकलेल्या माणसांचं असंच असतं. छत्री असली तरी भिजतात.

सुनावणी आता दहा दिवसांवर आली होती. ओब्रीकडे होती एक चमक आणि एक जड पेटी. मास्तरांच्या घराची झडती घ्यायला त्याने वरिष्ठांकडे परवानगी मागितली, तर ते म्हणाले, एका शिक्षकाची झडती, कशावरून, कोट काढला म्हणून? वरिष्ठांनी स्वतः रविवारी 'चमक' पाहिली होती. फार भारी चीज आहे, म्हणाले. अर्थात तुला काय सांगणार.

तेव्हा एकच मार्ग उरला. दोन डोळ्यांच्या माणसांना आपल्यासारखं करून सोडायचं.

६

रविवारी दुपारी मंडळाची पदकप्रदान सभा होती. पदक लाल उशीवर ठेवलं होतं, एका कांस्य बाईचं डोकं, नाक जरा मोठं. मादाम दिदलोही आल्या होत्या, पहिल्या रांगेत. अध्यक्षांचं भाषण सुरू होण्याआधी ओब्री उठला आणि सभासदांना एक विनंती केली. सगळ्यांनी 'चमक' पुन्हा एकदा बघावी, पण एक डोळा हाताने झाकून. आधी उजवा झाकावा, मग डावा.

सभासदांना ते विचित्र वाटलं, काहींना ते एका अपंगाचं दुखणं वाटलं आणि त्यांनी दयेपोटी ऐकलं. डबी फिरू लागली. पहिल्या माणसाने डोळा झाकला, बघितलं, डोळा बदलला, आणि डबी खाली उतरवून आत काही सांडलंय का ते बघितलं. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याने डबी हलवली. थोड्याच वेळात खोलीतली बावीस प्रतिष्ठित माणसं एकेका डोळ्यावर हात ठेवून बसली होती, आणि ओब्रीला बऱ्याच दिवसांनी खोलीत बरं वाटत होतं.

डबी शेवटी मादाम दिदलोंकडे आली. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. रिकाम्या कट्ट्यावर त्या जरा जास्तच वेळ रेंगाळल्या.

"हे चित्र मला विकत मिळेल का?" त्यांनी विचारलं. "अर्धं चालेल."

मग ओब्रीने बालाँना विचारलं, की मंडळाच्या नियमाप्रमाणे दोन्ही चित्रं एकाच क्षणी घ्यायची असताना एकात घड्याळ आहे आणि एकात नाही, हे कसं.

बालाँचा गुलाबी रंग उतरला. आदल्या महिन्याच्या हल्ल्यात त्यांच्या कॅमेऱ्याचं एक भिंग तडकलं होतं. ते भिंग जर्मन बनावटीचं. नवं मागवायचं तर ज्यांनी फोडलं त्यांनाच पत्र लिहावं लागलं असतं. म्हणून उरलेल्या एकाच भिंगाने त्यांनी आधी डावं चित्र घेतलं, मग काळ्या फडक्याखाली काच बदलली, तिपाई वीतभर सरकवली आणि उजवं घेतलं. घड्याळ गायब झाल्याचं काच धुताना कळलं. फेकून देणार होते. पण डबीत घालून बघितलं, आणि ते चमकलं.

"आणि झेली मार्शाल तुरुंगात आहेत हे कळलं तेव्हा?" ओब्रीने विचारलं.

"तोवर चित्र स्पर्धेला गेलं होतं," बालाँ म्हणाले, आणि हे उत्तर कसं ऐकू आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण ते खाली बसले.

ओब्री म्हणाला, की घड्याळ चोरायचंच असतं तर पूर्ण एक तास गल्ली मोकळी होती. चोराने नेमका दोन चित्रांमधला क्षण धरला. समोर कॅमेरा लावलेला, तो माणूस फडक्याखाली वाकलेला, आणि त्याच क्षणी. असं दोनच प्रकारचे लोक करतील, एक वेडा किंवा दुसरा ज्याला घड्याळाशी कर्तव्य नाही, चित्राशी आहे. एक वस्तू मधूनच काढून घेतली की जोडी जुळणार नाही आणि चित्र बाद होईल, हे ज्याला कळतं तो. पण त्याला आधी हे ठाऊक हवं, की या जोडीत मध्ये क्षण आहे. बाकी सगळ्यांना बालाँचा कॅमेरा दोन भिंगांचा वाटत होता.

"मस्यू बालाँ, भिंग तडकल्याचं कोणाला सांगितलंत?"

"कोणाला नाही. लाज वाटत होती." बालाँ थांबले. "एकाकडे उसनं मागितलं होतं. ते म्हणाले, भिंग आणि दातांचा ब्रश उसना देत नाहीत."

कोणी पेर्नो मास्तरांकडे बघितलं नाही, यावरून सगळ्यांना कळलं होतं. ओब्रीने उरलेलं थोडक्यात सांगितलं: पेटीतून न निघालेलं कर्कटक, बालाँना पडलेलं मत, आणि कोटात गुंडाळलेला कॅमेरा. काच बाहेर काढून मोजली असती तर रिकामा कट्टा पहिल्याच मापात सापडला असता, आणि तो सापडू नये असं या खोलीत एकाच परीक्षकाला वाटत होतं. आणि धुळीच्या दिवशी कॅमेरा कोटात आणि पेटी हातात असेल तर पेटीत कॅमेऱ्याहून मोलाचं काहीतरी असतं.

पेर्नो मास्तर उभे राहिले. वर्गात उभे राहत तसे, एका हाताची बोटं टेबलावर टेकून.

"परत ठेवणार होतो," ते म्हणाले. "शेकोटीशेजारच्या दारातून हात घालून उचललं. त्याने दुसरं चित्र घेतलं की परत ठेवायचं, एवढंच होतं. तेवढ्यात जिन्यात ती बाई मांजराला शिव्या देत वर यायला लागली. मी पेटीत टाकलं आणि ती मांजरामागे खोलीत शिरताच पळालो." ते बालाँकडे वळले. "सहा वर्षं, बालाँ. माझी भिंगं बघ, तुझी बघ. मी अंश मोजतो, छाया मोजतो, तू जातोस, शीळ घालतोस आणि तुझ्या चित्रात जीव येतो. एकदा, फक्त एकदा मला तुझं चित्र बिघडलेलं बघायचं होतं. आणि बिघडवलं तर पदक मिळालं. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र मी काढलं, आणि त्याला मतही मलाच द्यावं लागलं."

बालाँ पुन्हा उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, की मग चमक नेमकी कोणाची म्हणायची. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अध्यक्ष म्हणाले, हा मुद्दा समितीपुढे ठेवावा लागेल, आणि बघता बघता अर्धी खोली बालाँच्या आणि अर्धी मास्तरांच्या बाजूने भांडू लागली. मादम्वाझेल रेमींचं म्हणणं पडलं, की तो बॉम्ब त्यांच्याकडे पडला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

घड्याळ मास्तरांच्या शाळेत सापडलं, लाकडी शंकू आणि घनांच्या कपाटात. मुलांना ते महिनाभर ठाऊक होतं. त्यांना वाटलं, ते अभ्यासक्रमात आहे.

७

झेलीबाईंना बुधवारी, सुनावणीच्या आदल्या दिवशी सोडलं. त्यांना न्यायला ओब्री स्वतः गेला. वाटेत त्याने सगळं सांगितलं. झेलीबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, की त्या पदकाचं पुढे काय करतात. भिंतीला टांगतात, ओब्री म्हणाला. झेलीबाईंनी मान हलवली.

गल्लीत शेजारी दोराला टेकून उभे होते. आम्हाला पहिल्यापासून खात्री होती, असं प्रत्येकाने सांगितलं. झेलीबाईंनी प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, कोणी काय सांगितलं ते लक्षात ठेवण्यासाठी. मादाम दिदलो आल्या नव्हत्या. घड्याळ परत मिळाल्यामुळे त्या अंथरुणाला खिळल्या आहेत असं कळलं.

घर तसंच उघडं होतं. वीटभट्टीसारखा ढीग कोणीतरी बाजूला सारला होता आणि रस्त्यावरून सरळ झेलीबाईंच्या खोलीत पाय टाकता येत होता. ओब्रीने टाकलाही. काहीतरी बोलायचं होतं त्याला, माफीसारखं, आणि ते चार लोकांत बोलवत नव्हतं.

"इन्स्पेक्टरसाहेब," झेलीबाई मागून म्हणाल्या. "दारातून."

ओब्रीने वळून बघितलं. भिंत गेली होती, पण रस्त्याकडचं दार चौकटीसकट उभं होतं, आजूबाजूला काही नसताना, घंटेच्या साखळीसकट. झेलीबाई त्या दाराने आत गेल्या आणि दार लावून घेतलं. शेजाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही.

ओब्री विटांवरून मागे आला, दारापुढे उभा राहिला. दोन्ही बाजूंनी त्याला झेलीबाई स्पष्ट दिसत होत्या: त्यांनी शाल खुंटीला लावली, एप्रन बांधला, केस सारखे केले. त्याने टोपी काढली आणि साखळी ओढली.

दार एक वीत उघडलं.

"कोण?"

"ओब्री. पोलीस."

"कोणाकडे आलात?"

"मादाम झेली मार्शाल यांच्याकडे."

झेलीबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. बुटांवर नजर जरा थांबली.

"त्या आज भेटत नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्या या. पाय पुसून."

आणि त्यांनी दार लावलं. ओब्री थोडा वेळ दाराकडे बघत उभा राहिला, त्याच्या कडेने आत बघितलं नाही, मग टोपी घातली आणि उद्या येण्यासाठी निघून गेला.